बेटाकडची वाट

होळी झाली आणि सटवाजीच्या मोटारीनं हवा धरली. बटण दाबलं की मोटार घुरघुरायची, पाइपाच्या तोंडातून थोडा गढूळ फेस यायचा आणि मग नुसतीच सूं सूं. भुईमूग फुलावर होता. सटवाजीनं बटण बंद केलं, धोतराचा सोगा कंबरेला खोचला आणि तो दरडीवरून खाली नदीत उतरला. मागून सुमनबाई उतरली. दोघांचीही साठी उलटलेली. उतरताना तिनं नवऱ्याचा खांदा धरला.

पाणी आणखी पलीकडं सरकलं होतं. पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल चिखलात उघडा पडला होता आणि त्याच्या जाळीत शेवाळ वाळून बसलं होतं.

"आजून पाइप जोडावे लागतेल," सटवाजी म्हणाला.

"मागच्या साली बी जोडले की."

"मागच्या साली एवढे खड्डे कुटं व्हते?"

खड्डे सगळीकडं होते. जिथं पूर्वी हातानं उकरलं की गोड पाणी लागायचं, तिथं आता पोकलेननं ओरबाडलेली भगदाडं होती, तळाला काळा गाळ आणि त्यावर हिरवं पाणी. वाळू गेली तशी वाळूतलं पाणीही गेलं. गावाच्या विहिरीचा तळ शिमग्यातच दिसायला लागला होता. भोयांच्या जाळ्यात मरळ आणि वाम यायची बंद झाली होती. येत होती ती नुसती चिलापी.

थडी सावरगाव हे सोनपेठ तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. सटवाजीचं वावर गावाच्या खालच्या अंगाला, ऐन दरडीवर. घरात चौघं. तो, सुमनबाई, मुलगा महारुद्र आणि सून राजेश्री. महारुद्र गावातल्या दत्तरावच्या वाळूच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. सासू-सुना दर संक्रांतीला नदीच्या पात्रात चर खणून, शेणखत घालून टरबुजाचे आणि वाळकाचे वेल लावीत. या वाडीवर उन्हाळा निघायचा.

दोघांनी मिळून पाइप जोडला. सटवाजी खांद्यावर पाइप घेऊन वाळूतून चालला, सुमनबाईनं शेपटाकडचं टोक उचललं. वाळू अजून तापली नव्हती, तरी तिच्या पायाच्या भेगांत टोचत होती. फुटव्हॉल पाण्यात बुडवून त्यांनी वर दगड ठेवला. मोटारीनं पाणी उचललं, पण धार मनगटाएवढीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी महारुद्र घरी आला. हातपाय धुतले, ओट्यावर बसला, चहा अर्धा पिऊन कप खाली ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "मालक म्हणायलेत, आपल्या वावरातून वाट पाहिजे."

"कशाला?"

"बेटावर जायला. इकडची वाळू सरली. पलीकडून जावं तर डोह हाय. आपल्या दरडीतून उतार काढला की सरळ बेटावर जाता येतंय."

 बेट म्हणजे पात्राच्या मधोमध राहिलेला वाळूचा लांबट पट्टा. वरच्या बंधाऱ्याचं पाणी अडलं की ते उघडं पडायचं. सबंध शिवारात हात न लागलेली वाळू आता तेवढीच उरली होती.

"दरड फोडली तर पावसाळ्यात वावर खाली येईल," सुमनबाई चुलीपुढून म्हणाली.

"आगं माय, बुजवून देतो म्हणलेत. उन्हाळ्यापुरतीच वाट."

"आन तू काय म्हणलास?"

महारुद्रनं कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. "म्या हाव म्हणलं. काय म्हणणार? चार लोकात इचारलं त्यांनी. त्यांचंच ट्रॅक्टर चालवतो म्या."

राजेश्री परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. सटवाजीनं तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "शबूद देऊन आलास. आता इचारायलास कशाला?"

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. भुईमुगाची काठाकडची तासं तुडवत तो दरडीपर्यंत गेला आणि त्यानं दात लावले. दरडीत माणसाच्या उंचीवर बारकी बारकी बिळं होती, वेड्या राघूंची. पहिल्याच घासाला ती सगळी भिंत खाली आली आणि हिरवी पाखरं ओरडत बाभळीवर जाऊन बसली. मग बाभळीच्या मुळ्या उघड्या पडल्या. ड्रायव्हरनं सटवाजीकडं बघितलं.

"काका, झाड काढावं लागंल."

"काढा," सटवाजी म्हणाला आणि घराकडं निघाला. त्याच बाभळीखाली तो औत सोडून भाकर खायचा. ती पडताना त्याला बघायची नव्हती. पण आवाज घरापर्यंत आला.

*

राजेश्री बोरीची. जिंतूरकडचं ते गाव मोठं, पण गोदेसारखी नदी नसलेलं. लग्न होऊन आली तेव्हा एवढं पाणी बघून तिला भीती वाटली होती. मग सुमनबाईनं तिला हाताला धरून वाळूत नेलं. चर कसा खणायचा, कोवळ्या वेलाला वारा लागू नये म्हणून लव्हाळ्याचा आडोसा कसा करायचा, टरबूज बोटानं वाजवून पिकलं की नाही ते कसं ओळखायचं, हे सगळं शिकवलं. आता राजेश्रीला घरात करमायचं नाही. भाकरी झाल्या की ती वाडीत.

वाडीच्या पुढं उथळ पाणी होतं आणि त्याच्या पलीकडं बेट. बेटाच्या खालच्या टोकाला दर उन्हाळ्यात पाखरं यायची. अंगानं राखाडी-पांढरी, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीजर्द, शेपूट दुभंगलेली. गावात त्यांना काळटोपी म्हणत. ती वाळूत नुसता तळहाताएवढा खळगा करून अंडी घालायची. अंडी वाळूसारखीच, वर तपकिरी ठिपके. पायाखाली आली तरी कळायची नाहीत. सुमनबाई त्या टोकाला कधी जायची नाही. राजेश्रीनं पहिल्या वर्षी विचारलं होतं, "आत्याबाई, तिकडं वेल कामून लावत न्हाईत?" तर ती म्हणाली होती, "तिकडं त्यायचं घर हाय. आपल्याला इकडं जागा कमी हाय का?" तेवढंच.

उन्हं चढली की पाखरं पाण्यावर झेपावून पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. राजेश्रीला ते बघायला फार आवडायचं. वेलांना घागरीनं पाणी घालता घालता ती कंबर सरळ करायची आणि तिकडं बघत उभी राहायची.

वाट झाल्यावर ट्रॅक्टर सुरू झाले. सकाळी ऊन कोवळं असताना यायचे ते दिवस मावळेपर्यंत. वावरातून खाली उतरायचे, वाडीला वळसा घालून उथळ पाण्यातून बेटावर चढायचे, भरून पुन्हा वर. वेलांवर धूळ बसली. पानं करडी पडली. दोघी सकाळी पानांवर पाणी शिंपडायच्या, दुपारी पुन्हा तीच धूळ. फुलं गळायला लागली.

पहिले काही दिवस वाळू वरच्या टोकाची निघाली. मग पोकलेन सरकत सरकत बेटाच्या मधोमध आला. पाखरं दिवसभर वर घिरट्या घालायची. अंडी उन्हात उघडी राहायची.

एके दिवशी दुपारी राजेश्री महारुद्रची भाकर घेऊन गेली. तो ट्रॉलीच्या सावलीत बसला. तिनं फडकं सोडलं, कांदा फोडून दिला.

"आवं, एक बोलू का?"

"बोल ना."

"त्या टोकाला अंडी हायत. काही पिलं बी निघालीत. उडू लागेपर्यंत तेवढं टोक राहू द्या. तव्हर वरच्या अंगाची वाळू काढा की."

महारुद्रनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. "माझ्या हातात हाय का ते?"

"इचारून तर बगा."

"लोक हसतेल."

"हसू द्या. हसल्यानं काय व्हतंय?"

त्यानं कांदा तोंडात टाकला. पण जेवण झाल्यावर तो खरंच दत्तरावकडं गेला. दत्तराव मोटारसायकलीवर टेकून फोनवर बोलत होता. भोवती दोन-तीन ड्रायव्हर आणि पोकलेनवाला बन्सीधर उभे होते. महारुद्र फोन संपेपर्यंत थांबला. मग त्यानं सांगितलं. राजेश्री लांबून बघत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण दत्तराव मान मागं टाकून हसला, ते तिला दिसलं. मग तो मोठ्यानं बोलला आणि ते मात्र वाऱ्यावर आलं.

"आता पाखरांची बाळंतपणं बी आपणच करायची का रे महारुद्रा? सुइणीचं काम घेतलंस काय?"

सगळे हसले. महारुद्रही हसला. तिला ते सगळ्यात वाईट वाटलं. फडकं गोळा करून ती वाडीत निघून आली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तराव स्वतः बेटावर आला आणि बन्सीधरला म्हणाला, "आज खालच्या टोकाची काढ. आन पयली ट्रॉली महारुद्रची लाव. त्याच्या सोयऱ्यांना भेटून येऊ दे त्याला."

बन्सीधरनं महारुद्रकडं बघितलं. महारुद्र ट्रॅक्टरवर चढला. ट्रॉली पोकलेनपाशी लावायची तर ती उलटी मागं न्यावी लागत होती, ऐन टोकापर्यंत. त्यानं मान मागं वळवली आणि मागं घ्यायला सुरुवात केली. पाखरं खाली आली. ती त्याच्या डोक्यावर झडप घालायला लागली, चोच लागायच्या आत वर उठायची, पुन्हा यायची. त्यांची विष्ठा त्याच्या सदऱ्यावर, हातावर, स्टेअरिंगवर पडली. मागचं चाक कशावरून गेलं ते त्याला कळलं नाही. वाळू तर सगळीकडं सारखीच दिसत होती. मग एका जागी चाकाशेजारी काहीतरी हललं. पिलू होतं, वाळूच्या रंगाचं, अंग चोरून बसलेलं. त्यानं ब्रेक दाबला.

"घे की मागं!" दत्तराव ओरडला.

महारुद्रनं थोडा वेळ पाय ब्रेकवरच ठेवला. मग गियर टाकला आणि मागं घेतलं.

वाडीतून राजेश्रीनं ते बघितलं. दरडीवरून सटवाजीनंही बघितलं. तो फुटलेल्या वाटेच्या कडेला उकिडवा बसला होता. उजव्या हाताला दरडीतून मातीची ढेकळं सुटून खाली घरंगळत होती. जेसीबीनं सहा हात रुंद केलेली वाट ट्रॅक्टरांच्या येण्याजाण्यानं आता दुप्पट झाली होती.

घरी आल्यावर महारुद्रनं सदरा काढून न्हाणीत टाकला. राजेश्रीनं तो धुतला. डाग निघेनात म्हणून दगडावर आपटला, पुन्हा साबण लावला. "निगंना का?" त्यानं विचारलं. "निगंल," ती म्हणाली. त्या दिवसाचं दोघांचं बोलणं एवढंच.

*

सकाळी महारुद्र गावातून रिकामं ट्रॅक्टर घेऊन निघाला. मागं आणखी दोन होते. वावराच्या तोंडाशी आला तर वाट बंद होती. सटवाजीनं दोन्ही बैल नांगराला जुंपले होते आणि तो वाट नांगरत होता. चाकांनी दगडासारखी झालेली जमीन. नांगराचा फाळ धरत नव्हता, उसळत होता. सटवाजी सगळं अंग नांगरावर टाकत होता. त्याचे दंड थरथरत होते आणि घामानं बंडी पाठीला चिकटली होती. सुमनबाई पुढं बैलांच्या कासऱ्याला होती. वाटेच्या तोंडाशी तोडलेल्या बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या.

महारुद्रनं ट्रॅक्टर बंद केलं.

"दादा, हे काय करायलाव?"

"नांगरायलाव. दिसंना का?"

"आत्ता? चैतात?"

"माझं वावर हाय. कव्हा बी नांगरीन."

मागचे ड्रायव्हर उतरले. कुणीतरी फोन लावला. थोड्या वेळात दत्तराव आला. त्यानं मोटारसायकल लावली, काट्यांपाशी उभा राहिला आणि आधी गोडीनंच बोलला.

"सटवाजी, शबूद झाला व्हता आपला."

"झाला व्हता."

"मग?"

"शबूद उन्हाळ्यापुरता झाला व्हता आन वाट एका ट्रॅक्टरची. तिथं जाऊन बगा किती झाली ती. पावसाळ्यात माझं वावर नदीत जाईल."

"बुजवून देतो म्हणलं ना."

"कशानं बुजवताव? माती कुटून आणताव?"

दत्तरावचा आवाज चढला. "पोराला कामाला लावलं ते इसरलास काय? त्या पाखरांपायी घरदार येडं झालंय तुमचं. सगळ्या गावात हसं झालंय."

सुमनबाईनं कासरा सोडला नाही. ती म्हणाली, "हसू द्या. गावाचं बी पाणी त्याच वाळूत व्हतं. हिरीत डोकावून बगा, मग हसा."

"म्हातारे, तू मधी बोलू नको," दत्तराव म्हणाला आणि महारुद्रकडं वळला. "चढ रे. काटे बाजूला कर आन घाल गाडी."

महारुद्र ट्रॅक्टरच्या चाकापाशी उभा होता. समोर बाप नांगराला टेकून धापा टाकत होता. त्याच्या अंगठ्याचं नख उखडलं होतं आणि मातीत रक्ताचे थेंब पडत होते. ते बहुतेक त्याला कळलंही नव्हतं.

"मालक, बैल हायत मधी," महारुद्र म्हणाला.

"बैल बाजूला व्हतेत. तू घाल."

"न्हाई."

"काय म्हणलास?"

महारुद्रनं चावी काढली. ती दत्तरावच्या हातात द्यायला गेला. दत्तरावनं हात पुढं केला नाही. मग महारुद्रनं चावी ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवली, काट्यांवरून उडी मारून आत गेला आणि बापाच्या हातातला नांगर धरला. "सरका," तो म्हणाला. सटवाजी सरकला. बैल चालू लागले. बऱ्याच दिवसांनी नांगर धरल्यानं महारुद्रचं तास वाकडं गेलं. सुमनबाईनं बैल वळवून तेच तास पुन्हा घ्यायला लावलं.

 दत्तरावनं दुसऱ्या ड्रायव्हरला चावी घ्यायला सांगितली आणि तिन्ही ट्रॅक्टर माघारी वळले. पोकलेन बेटावरच अडकला होता. तो पाण्यातून फिरवून वरच्या अंगानं न्यायला बन्सीधरचा सगळा दिवस गेला.

*

त्यानंतर घरावर फार मोठं काही आलं नाही. बारीकसारीक येत राहिलं. पिठाची गिरणी दत्तरावच्या चुलतभावाची. सुमनबाई ज्वारीचा डबा घेऊन गेली की "लाइट न्हाई" म्हणायचे, आणि आत पट्टा फिरत असायचा. ती डबा डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला जायला लागली. पारावर सटवाजी गेला की बोलणं थांबायचं. महारुद्रला कुणी "सुईण" म्हणून हाक मारायचं. तो एकदा धावून गेला, एकदा ऐकूनही न ऐकल्यासारखा पुढं निघून गेला. काम नव्हतं. तो वाडीत घागरीनं पाणी घालायला लागला. राजेश्री पुढं, तो मागं. पहिल्या दिवशी त्याच्या खांद्यावर घागरीचे वळ उठले.

बेट मात्र शांत झालं. टोकाचा बराच भाग गेला होता, पण उरलेल्या वाळूवर पाखरं पुन्हा बसली. काहींनी दुसऱ्यांदा अंडी घातली. आधीची काही पिलं वाचली होती. ती आता पाण्याच्या कडेनं धावायची, पंख फडफडवायची, उडता येत नव्हतं.

वेलांवरची धूळ गेली आणि उशिरा का होईना टरबुजं धरली.

वैशाखात एका दुपारी पाणी यायला लागलं. खालच्या गावांचे नळ बंद पडले होते, त्यांना प्यायला पाणी पाहिजे होतं म्हणून वरच्या बंधाऱ्याची दारं उघडली होती. गावात दवंडी झाली होती म्हणे, पण दिवसभर वाडीत असणाऱ्या या चौघांना ती कुणी सांगितली नाही. राजेश्रीनं पहिल्यांदा बघितलं. उथळ पाण्यात काडीकचरा वाहत आला, मग फेस, मग पाणी वाडीच्या पहिल्या चरात शिरलं.

"आत्याबाई! पाणी!"

सुमनबाईनं एकदा नदीकडं, एकदा वाडीकडं बघितलं. "टरबुजं तोडा! कच्ची राहू द्या, पिकली तेवढी घ्या!"

चौघंही वाडीत शिरले. देठ पिरगाळायचा, टरबूज काखेत मारायचं, दरडीखालच्या उंच जागेवर नेऊन ठेवायचं, पुन्हा पळायचं. पाणी घोट्याला आलं, मग पोटऱ्यांना. वेल पाण्यावर तरंगायला लागले, त्यांना लागलेली बारकी हिरवी फळं पाण्यात नाचायला लागली. सटवाजी एकदा पडला आणि त्याच्या हातातलं टरबूज वाहून गेलं. सुमनबाईनं त्याला उठवून वर बसायला सांगितलं. निम्मी टरबुजं हाती लागली. निम्मी नदीनं नेली.

तेव्हा पाखरांचा आवाज त्यांच्या ध्यानात आला. बेट बुडत होतं. अंडी पाण्यावर येऊन वाहत होती. पिलं उरलेल्या उंचवट्यावर गोळा झाली होती आणि तो उंचवटाही खाटेएवढाच राहिला होता.

 राजेश्रीनं घमेलं उचललं. महारुद्रनं ते तिच्या हातातून घेतलं.

"पाणी वाढायलंय, जाऊ नगंस," सटवाजी वरून ओरडला.

"छातीच्या वर न्हाई," महारुद्र म्हणाला. पण मधले खड्डे त्याच्या लक्षात होते. स्वतःच भरलेल्या ट्रॉल्यांचे खड्डे. तो सरळ न जाता लांबून, वरच्या अंगानं वळून गेला. एका जागी पाय सुटला आणि तो गळ्यापर्यंत बुडाला. काठावर सुमनबाईनं राजेश्रीचं मनगट एवढं आवळलं की नंतर त्यावर निळे डाग पडले. तो वर आला. घमेलं हातातच होतं.

पाखरांनी त्याला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. पण झडपा मात्र पूर्वीसारख्याच घातल्या. या वेळी एका पाखराची चोच लागली आणि कपाळातून रक्त आलं. त्यानं हाताला लागली तेवढी पिलं उचलून घमेल्यात घातली. दोन पाण्यात पळाली, ती वाहून गेली. त्यानं घमेलं डोक्यावर धरलं आणि तसाच लांबून वळसा घेत परत आला. वर पाखरं ओरडत होती.

ती पिलं त्यांनी खालच्या अंगाला, दरडीच्या पायथ्याशी उरलेल्या वाळूवर सोडली आणि लांब जाऊन बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पाखरू चोचीत मासोळी घेऊन उतरलं.

सगळी वाचली नाहीत. एक रात्रीतूनच मेलं. एक कुत्र्यानं नेलं. त्यानंतर राजेश्री आणि सुमनबाई पाळीपाळीनं तिथं कुत्री हाकायला बसल्या. बाकीची मोठी झाली. एका सकाळी राजेश्री गेली तर वाळू रिकामी होती. तिनं आजूबाजूला पिसं, हाडं शोधली. काही सापडलं नाही. तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, "गेली वाटतं."

"उडून गेली का?" सुमनबाईनं विचारलं.

"तसंच दिसतंय."

*

पाऊस वेळेवर आला, पण नदीला मोठं पाणी आलं ते पोळ्याच्या आसपास. गढूळ, वेगाचं, कडेची झाडं सोबत घेऊन. पूर्वी सगळा भार वाळूचे पट्टे सोसायचे. आता ते नव्हते. पाणी सरळ सटवाजीच्या दरडीवर येऊन आपटत होतं, आणि दरडीला वाटेचं भगदाड होतंच. बाप-लेकानं मातीच्या गोण्या भरून ते बुजवलं होतं. पहिल्याच दिवशी गोण्या गेल्या.

मग वावर जायला लागलं. आधी भेग पडायची, बोटाएवढी. मग ती हातभर व्हायची. मग कापसाच्या पाच-सहा तासांसकट जमीन आडवी व्हायची आणि पाण्यात बसायची. कापसाची झाडं क्षणभर पाण्यावर उभीच दिसायची, बोंडांसकट. मोटारीची टपरी गेली. मोटार महारुद्रनं आधीच काढून आणली होती. चौघं वरच्या बांधावर उभे राहून बघत होते. दत्तरावही येऊन गेला. छत्री धरून थोडा वेळ उभा राहिला. त्याच्या वावराच्या बाजूची दरडही तुटायला लागली होती आणि स्मशानभूमीचं पत्र्याचं शेड एका बाजूला कललं होतं.

पाणी उतरलं तेव्हा जवळजवळ एकराचं वावर गेलं होतं.

महारुद्र उसाच्या ट्रॅक्टरवर लागला. एकदा जेवताना तो अचानक म्हणाला, "म्या हाव म्हणलं नसतं तर..." सटवाजीनं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाला, "काढा म्हणणारा म्या व्हतो. जेव."

दसरा झाला, पुरानं कुजलेला उरलासुरला कापूस उपटून टाकला आणि ज्वारी पेरायची वेळ आली. सटवाजीचं वाडवडलांपासून ऐन काठापर्यंत पेरायचं ठरलेलं. कारण काठाची जमीन सगळ्यात कसदार. या वेळी तिफण काठाकडं आली आणि बरीच अलीकडं असतानाच त्यानं बैल थांबवले.

"काय झालं?" मागं सरत्याच्या नळीतून बी सोडणारी सुमनबाई म्हणाली.

"इथून पुढं न्हाई पेरायचं."

"एवढी जागा? आधीच एकर गेलं."

"म्हणूनच."

 सुमनबाईनं ओटीतलं बी मुठीत घेतलं, पुन्हा ओटीत टाकलं. "मग तिथं काय करायचं?"

"करंजाची रोपं आणतो. वाळ्याचे गड्डे लावू. शिंदी येतील तशा येऊ द्यायच्या. मुळ्या असल्या पाहिजेत."

सुट्टीच्या दिवशी महारुद्रनं टिकावानं खड्डे घेतले. राजेश्री वाळ्याचे गड्डे फोडून देत होती, सुमनबाई ते चिखलात दाबत होती, सटवाजी घागरीनं पाणी घालत होता. काठ अजून कच्चा होता. अधूनमधून खाली ढेकूळ पडल्याचा आवाज यायचा आणि चौघंही मान वर करायचे.

महारुद्रनं टिकाव टेकवला, कपाळावरचा घाम पुसला.

"दादा, यानं नदी थांबती व्हय?"

सटवाजीनं घागर तिरपी केली. पाणी मुळाशी मुरेपर्यंत तो तिथंच वाकून उभा राहिला.

"न्हाई थांबत," तो म्हणाला. "पर तिला येळ लागंल."

मग त्यानं घागर राजेश्रीच्या हातात दिली, आणि ती भरून आणायला खाली गेली.